ओसाड जागा आणि मृतांचे पाय

(वाचनभाग : १ शमुवेल २८:३-२५, यशया ३४:८-१५, लूक २४:३६-४३)

माझा नातू पुरातत्त्वशास्त्राचा विद्यार्थी आहे. हिवाळ्यात तो प्रथमच उत्खननाच्या शिबिराला जाऊन आला व सुट्टीत आठ दिवस आमच्याकडे राहिला. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना झाल्यावर तो तेथील हकिकती सांगत बसे. गावाबाहेरच्या पांढरीवर त्यांचे तंबू होते, आणि त्यांच्या पलीकडे, ओढ्याच्या काठी, पूर्वी कधीतरी आलेल्या दुसऱ्या एका पथकाच्या शिबिराचे अवशेष होते : छप्पर उडालेली एक खोली, अर्धवट बुजलेले दोन चर व फुटक्या खापरांचा ढीग. त्या खोलीत रात्री कोणीतरी मडकी मोजते, असे गावकरी सांगत. वरच्या वर्गातील मुलांनी त्यात भर घातली होती. ज्या सांगाड्याला प्रथम कुदळ लागली, तो आपली हाडे मोजायला येतो, असे ते नवख्यांना पहिल्याच रात्री ऐकवीत. सगळे हसत असत. पण पाण्याची कळशी भरायला ओढ्यावर एकटे कोणी जात नसे.

मी हसलो. तेव्हा तो गंभीर होऊन म्हणाला, "आजोबा, तुम्ही हसता, पण शमुवेल वर आलाच ना?"

या प्रश्नाला प्रार्थनेनंतरच्या पाच मिनिटांत उत्तर देता येण्यासारखे नव्हते. आपल्या मंडळ्यांतून भुतांविषयी दोनच प्रकारे बोलले जाते. व्यासपीठावरून 'हे सर्व थोतांड आहे' असे सांगितले जाते आणि घरी गेल्यावर तान्ह्या बाळाच्या उशाखाली चाकू ठेवला जातो. म्हणून हा पाठ थोडा सविस्तर लिहीत आहे.

नातवाच्या शिबिराचे ठिकाण मी सांगत नाही. परंतु ज्या उत्खननामुळे हा विषय महाराष्ट्राच्या इतिहासात आला, त्याचे नाव सर्वांना ठाऊक असावे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे, हंगामामागून हंगाम, तेथे तंबू ठोकून खोदकाम केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी ही त्या कामातील प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरांच्या जमिनी, चुली, बळदे आणि जळालेले धान्य तेथे सापडले. आणि त्याच घरांच्या जमिनीखाली त्यांचे मृतही सापडले.

मुले मरण पावली की त्यांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घरातच पुरीत. मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणे निजवीत, डोके उत्तरेकडे व पाय दक्षिणेकडे. 'उत्तरेकडे डोके करून झोपू नये' असे आजही आपल्या आया सांगतात. ती समजूत किती जुनी असेल, याचा यावरून अंदाज येतो. आणि मग ती गोष्ट, जी वाचून मी प्रथम पुस्तक मिटून ठेवले होते : या प्रौढ मृतांचे पाय घोट्यापासून तोडलेले होते.

कशासाठी? हाडे कारण सांगत नाहीत. उत्खनकांनी तर्क मांडला तो असा की, मृताने उठून चालू लागू नये, घर सोडून जाऊ नये, भूत होऊन हिंडू नये, म्हणून हे केले असावे. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात, असे लहान मूलही सांगते. तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीच्या काठी भुताची ओळख पायावरूनच पटत होती की काय, कोण जाणे.

पण येथे थोडे थांबावे. ज्याचे भय वाटते, त्याला कोणी आपल्या घराच्या जमिनीखाली ठेवते काय? त्याच्यासोबत पाण्याची, अन्नाची भांडी ठेवते काय? भयच असते तर त्यांनी प्रेत गावाबाहेर दूर टाकले असते. पाय तोडणारे हात आणि उशाशी भांडे ठेवणारे हात एकाच घरातील होते. 'येऊ नकोस' आणि 'जाऊ नकोस' ही दोन्ही वाक्ये त्या एका कृतीत आहेत, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. पण ज्याने आपले माणूस मातीत ठेवले आहे, त्याला तो अगदीच परका वाटणार नाही.

एक अपवादही इनामगावात सापडला. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात, चार पाय असलेल्या मातीच्या रांजणात सुमारे चाळीस वर्षांचा एक पुरुष मांडी घालून बसविलेला होता. त्याचे पाय तोडलेले नव्हते. तो गावचा प्रमुख असावा, असे मानतात. मरणातही थोरामोठ्यांना वेगळा न्याय मिळतो, हे त्याही काळी होतेच.

ही शेवटची बाब पुढच्या विचाराला उपयोगी आहे. मराठीतील भुतांची यादी पाहावी : मुंजा, समंध, ब्रह्मराक्षस, खवीस, हडळ, जखीण, अळवंतीण, झोटिंग, गिऱ्हा, चकवा. मुंज झालेला पण लग्नापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. विद्वान पण पापी ब्राह्मण ब्रह्मराक्षस होतो, तर खवीस परधर्मी वा अस्पृश्य मानलेल्या माणसाचा, असे कोकणच्या लोकसमजुतीत म्हटले जाई. म्हणजे जिवंतपणी ज्या उतरंडीत माणसे बसविली होती, तीच उतरंड त्यांच्या मरणानंतरही कायम! आणि आणखी बारकाईने पाहिले तर असे दिसते की, ज्यांचे काही राहून गेले अथवा ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांचीच बहुधा भुते होतात. पोटभर जगून, नातवंडे पाहून मेलेल्याचे भूत क्वचितच ऐकू येते.

शनिवारवाड्याचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तेथे अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वाडा १८२८ च्या आगीत जळाला, राज्य त्याआधीच गेले, तरी काकांना मारलेली ती हाक अद्याप अमावास्येला ऐकू येते म्हणतात. हाक ऐकू येते की नाही, हा वाद मी घालीत नाही. हाबेलाचे रक्त भूमीतून ओरडत आहे, असे परमेश्वराने काइनाला सांगितले (उत्पत्ती ४:१०). शास्त्रात हाबेलाचे भूत नाही. ओरडणारे रक्त आहे, आणि ते देवाकडे ओरडते, वाटसरूला भिवविण्यासाठी नाही. पुण्यातही त्या रक्ताचे ओरडणे एका माणसाने नीट ऐकले. रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांस दोषी ठरविले आणि पुणे सोडले. त्यांनी मांत्रिक बोलाविला नाही.

आता तंजावरकडे वळू. काही वर्षांपूर्वी तेथील एका मराठी कुटुंबाकडे जाण्याचा योग आला. आपल्याला निम्मीच समजेल अशी, पण कानाला फार गोड लागणारी मराठी ते बोलतात. त्यांच्याबरोबर आम्ही दहाबारा किलोमीटरांवरील तिरुवैयारु येथे गेलो. कावेरीच्या काठचे हे गाव. संत त्यागराज येथे राहिले व १८४७ साली येथेच वारले. देह ठेवण्यापूर्वी त्यांनी संन्यास घेतला होता, म्हणून त्यांचे दहन न होता नदीकाठी समाधी बांधण्यात आली. पुढे त्या समाधीकडे लोकांचे दुर्लक्ष झाले व ती पडझडीला आली. अशी एकाकी, झाडोऱ्यात बुडालेली समाधी म्हणजे भुतांच्या गोष्टींना आयतीच जागा. परंतु विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने स्वतःचे द्रव्य खर्चून तिचा जीर्णोद्धार केला. तेथील वार्षिक आराधनेत स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता, तोही तिने झगडून मोडून काढला. १९५२ साली ती वारली. तिची समाधीही त्याच परिसरात आहे. आम्ही गेलो तेव्हा दुपारच्या उन्हात एक मुलगी पायरीवर बसून गाण्याचा पाठ घोकीत होती. त्यांच्या धर्ममताशी आपण सहमत नसलो, तरी विसरलेल्या एका समाधीचे काय करावे, हे त्या बाईला कळले होते, एवढे म्हटलेच पाहिजे.

त्याच तमिळ मुलखात याउलट घडलेली गोष्टही नोंदलेली आहे. रॉबर्ट कॉल्डवेल, जे पुढे बिशप झाले व द्राविडी भाषांच्या तौलनिक व्याकरणामुळे प्रसिद्धीस आले, त्यांनी १८४९ साली तिरुनेलवेली भागातील लोकांविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात एका युरोपियन अधिकाऱ्याची हकिकत येते. हा परदेशात, अकाली मेला. आजूबाजूच्या लोकांना त्याच्या पिशाचाचे भय वाटू लागले व ते त्याच्या थडग्यापुढे दारू आणि चिरूट ठेवू लागले! जिवंतपणी त्याला जे आवडते असे लोकांना दिसले, तेच त्यांनी त्याला दिले. यात हसण्यासारखे आहे, आणि विचार करण्यासारखेही. आपल्या घरापासून हजारो मैलांवर मेलेल्या त्या माणसासाठी त्याच्या स्वतःच्या लोकांपैकी कोणी काय केले असेल?

तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये तिसरे चित्र आहे. मिशनरी ख्रिस्तियन फ्रीद्रिख श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरास निवर्तले. तुळजाजी महाराजांनी मरताना आपला दत्तक पुत्र सरफोजी याला याच पाळकाच्या हवाली केले होते. सरफोजी तेव्हा वीस वर्षांचा होता व गादीवर बसलेला नव्हता. राजघराण्यातील हिंदूने प्रेताच्या जवळ जाऊ नये, हा रिवाज. पण तो आला, शवपेटीपाशी उभा राहून रडला. पुढे राजा झाल्यावर त्याने लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून आणविले. त्यात मरणोन्मुख श्वार्ट्झ यांचा हात हाती धरून राजा उभा आहे. सरफोजी राजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. मी त्या शिल्पापुढे बराच वेळ थांबलो. आमचे यजमान म्हणाले, "आमच्या राजाने हात सोडला नाही पाहा."

येथवर इतिहास झाला. आता शास्त्राकडे येऊ.

यशयाच्या चौतिसाव्या अध्यायात अदोम देशाच्या उजाड वाड्यांचे वर्णन आहे. राजवाड्यांत काटे उगवले आहेत. कोल्हे, शहामृगे, घुबडे तेथे राहतात. चौदाव्या वचनात दोन शब्द असे आहेत की भाषांतरकार तेथे अडखळतात. एकाचा अर्थ 'केसाळ' असा असून त्याने बोकड किंवा बोकडरूपी पिशाच समजले जाई. दुसरा 'लीलीत', म्हणजे रात्री हिंडणारी. पडक्या वाड्यात काहीतरी राहते, ही समजूत इस्राएल लोकांतही होती, हे यावरून उघड होते. संदेष्टा त्या समजुतीचे खंडन करीत बसत नाही, तिला खतपाणीही घालीत नाही. तो वाडा ओसाड का पडला, हे सांगतो : तेथील सरदारांचा व त्यांच्या रक्तपाताचा न्याय झाला. ओसाड जागेत कोण राहते, असे आपण विचारतो. तेथे पूर्वी कोण राहत होते आणि ते का गेले, हे यशया विचारायला लावतो.

आणि शमुवेल? माझ्या नातवाचा प्रश्न एकतिसाव्या नव्हे, अठ्ठाविसाव्या अध्यायातला. परंतु दोन्ही अध्याय एकत्र वाचावेत. शौलाने स्वतःच भूतविद्या करणाऱ्यांना देशातून हाकलले होते, आणि आता तो वेष पालटून एन-दोर येथील स्त्रीकडे रात्री जातो. प्राचीन ग्रीक भाषांतरात तिला 'पोटातून बोलणारी' असा शब्द वापरला आहे, म्हणजे त्या भाषांतरकारांना तिच्या विद्येविषयी शंकाच असावी. मंडळीच्या आद्य पंडितांतही मतभेद झाले. खरोखर शमुवेलच आला, असे ओरिगेनने म्हटले. अंत्युखियाच्या युस्ताथियसाने त्याच्याविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहून हा सैतानाचा देखावा होता असे प्रतिपादिले. मजकूर साधेपणाने वाचला तर 'शमुवेल शौलाला म्हणाला' असेच त्यात आहे. तेव्हा मी नातवाला 'तो आला नाही' असे सांगू शकलो नाही. मात्र दोन गोष्टी त्याला दाखविल्या. तो आल्यावर ती स्त्री स्वतःच किंचाळली. म्हणजे जे घडले ते तिच्या कसबाने घडलेले नव्हते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते : शमुवेलाने राज्य काढून घेतल्याविषयी जे सांगितले ते तो हयात असताना पंधराव्या अध्यायात सांगून चुकला होता. मृताला उठवूनही शौलाला त्या बाबतीत नवे काही मिळाले नाही. जे ऐकायचे त्याने नाकारले होते, तेच पुन्हा ऐकावे लागले. भर पडली ती फक्त दुसऱ्या दिवशीच्या मरणाची.

त्या अध्यायाचा शेवट बहुतेक उपदेशांत वगळला जातो. शौल भुईवर पडला आहे, दिवसभर व रात्रभर त्याच्या पोटात अन्न नाही. ज्याने तिच्यासारख्यांचा उच्छेद केला, त्याच राजासाठी ती स्त्री घरचे पुष्ट वासरू कापते, पीठ मळते, भाकरी भाजते. ही त्याची शेवटची जेवणाची वेळ. आणि एकतिसाव्या अध्यायात याबेश-गिलादाचे शूर लोक रात्रभर चालून त्याचे विटंबलेले प्रेत भिंतीवरून काढून आणतात व त्याच्या अस्थी झाडाखाली पुरतात. मृतांना विचारू नये, असे नियमशास्त्र बजावते (अनुवाद १८:९-१४). मृतांना सन्मानाने मातीत ठेवू नये, असे ते कोठेही म्हणत नाही.

प्रभूचे शिष्यही भुतांना भीत होते. समुद्रावरून चालणाऱ्या येशूला पाहून ते 'भूत आहे' म्हणून ओरडले (मत्तय १४:२६). मराठी भाषेत या शब्दाला एक खोली आहे, ती मूळ ग्रीकमध्ये नाही. भूत म्हणजे पिशाच, भूत म्हणजे प्राणिमात्र, आणि भूत म्हणजे जे होऊन गेले ते. म्हणून आपण भूतकाळ म्हणतो. होऊन गेलेले समोर चालत येत आहे, हे ते भय.

पुनरुत्थानाच्या संध्याकाळी तेच झाले. दारे लावून बसलेल्या शिष्यांना वाटले, आपण आत्मा पाहत आहोत. प्रभूने त्यांच्या भयाची थट्टा केली नाही, भुते असतात की नसतात यावर प्रवचनही केले नाही. त्याने त्यांना हात आणि पाय दाखविले. योहान हात व कूस सांगतो. लूक मात्र पाय सांगतो, आणि एका वचनात नव्हे, लागोपाठ दोन वचनांत. मत्तयाच्या वृत्तांतात स्त्रियांनी त्याचे पाय धरले (मत्तय २८:९). पूर्वी हे वाचताना मी खिळ्यांच्या खुणांचाच विचार करीत असे. इनामगावाविषयी वाचल्यापासून माझी नजर पायांवर थांबते. तो चालत आलेला आहे. त्याचे पाय शाबूत आहेत, सुलटे आहेत, त्यांना हात लावता येतो, आणि ज्यांनी त्याला सोडून पळ काढला त्यांच्याकडेच ते पाय आले आहेत. तरीही त्यांना विश्वास येईना, तेव्हा त्याने काही खायला आहे काय असे विचारून भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. दुसऱ्या शतकाच्या आरंभी इग्नाती या बिशपने स्मुर्ना येथील मंडळीला पत्र लिहिताना हाच प्रसंग आठवून दिला आहे : प्रभू हा देहावाचून फिरणारे पिशाच नव्हता.

शिष्यांना त्या संध्याकाळी भय वाटण्याला आणखी एक कारण होते, असे मला वाटते. त्यांनी त्याला टाकले होते. ज्याच्यावर अन्याय झाला तो परत येतो, हे गावोगावच्या गोष्टींत असते. आणि येथे तो खरोखरच परत आला होता. पण त्याचा पहिला शब्द शांतीचा होता.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती आजवर मी कोठे लिहिली नव्हती.

माझी थोरली बहीण १९५७ साली पहिल्या बाळंतपणात आमच्याच घरी वारली. मी नऊ वर्षांचा होतो. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. दर रविवारी ते मंडळीत शास्त्रपाठ वाचीत. माती देऊन आम्ही परतलो तेव्हा आत्याबाईंनी आमच्या उंबऱ्यात चार लोखंडी खिळे ठोकलेले होते. बाळंतीण गेली की असे करतात, नाहीतर ती परत येते, हे मला शेजारच्या मुलांकडून माहीत होते. वडिलांनी खिळे पाहिले. ते त्यांच्यावरून पाऊल टाकून आत गेले व काही बोलले नाहीत. आत्याबाई त्यांच्याहून वडील होत्या, घरात गर्दी होती, आणि कदाचित त्यांनाही भीती वाटत असेल. मी त्यांना दोष देत नाही.

त्या रात्री मला झोप नव्हती. मध्यरात्री दारापाशी आवाज झाला आणि मी पांघरुणात गोठून गेलो. मग कंदिलाचा उजेड दिसला. आई उंबऱ्याशी बसून पकडीने खिळे उपटीत होती. शेवटचा निघेना, तेव्हा तिने मला हाक मारून कंदील धरायला सांगितले. मी थरथरत विचारले, "आई, ताई आली तर?"

आई म्हणाली, "माझ्या लेकीला माझ्या घराचे दार बंद करायचे होय रे?"

तिने चारही खिळे पदरात घेतले आणि सकाळी न्हाणीघराच्या दाराची सुटलेली बिजागरी त्यांनी ठोकून घेतली. ही गोष्ट मी नातवाला सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "उंबऱ्याला भोके राहिली असतील ना?" राहिली होती. पुढे ते घर विकले, तेव्हाही ती दिसत होती.